आत्यांच्या मरणाच्या दोन ओळी

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एका सकाळी वारल्या आणि त्याच दुपारी माझी भाकरी जाड झाली म्हणून त्यांनी मला चार शब्द सुनावले. मधल्या वेळात आणि त्यानंतर काय काय झालं ते मला सांगायचंय. ज्यांचे आभार मानायचे राहिलेत त्यातल्या एकाचं मला नावसुद्धा ठाऊक नाही, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला सुचत नाही.

आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. भूम गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं घर, घरामागं पत्र्याच्या शेडात खव्याची भट्टी. दुधाची कढई एकदा जाळावर चढली की उलथनं हातातून खाली ठेवायचं नाही. दूध जरा लागलं तरी जळका वास येतो आणि तो खवा कुणी घेत नाही. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, यात काय शिकायचंय? पहिल्याच दिवशी कढई करपवली आणि आत्या म्हणाल्या, "शिकल्याली सून आणली, आता दूध कोण शिकवणार तिला?" तिथून आमचं भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. त्या भांडणावर आमचं घर चालतं असं माझा नवरा म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला!

तर त्या सकाळी आत्या अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी चुलीपाशी. अचानक फडफड झाली आणि आत्या ओरडल्या. बघते तर एक कावळा त्यांच्या डोक्यावर बसलेला. पदराला दोन चोची मारल्या आणि गेला उडून लिंबावर. मी हसले. आत्या काही हसल्या नाहीत. सूप बाजूला सारून उठल्या आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली, "ए, उठ. म्या मेल्याचा फोन लाव."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डोक्यावर कावळा बसला म्हणजे त्या माणसाचं मरण आलं, असं आमच्याकडची जुनी माणसं धरून चालतात. त्यावर उताराही आहे. तो माणूस मेला असा खोटाच निरोप एखाद्या जवळच्या नातेवाइकाला धाडायचा. तो रडला, मनापासून रडला, की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग खरं सांगायचं, शिव्या खायच्या, आलेल्याला गोडधोड जेवू घालायचं. पण अट एकच. रडणारा घरातून निघाल्याशिवाय खरं सांगायचं नाही.

"कुणाला लावू?" नवऱ्यानं विचारलं.

"धाकलीला लाव. ती चांगली रडती."

धाकली म्हणजे आत्यांची बहीण, येरमाळ्याची मावशी. आमच्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. फोनवर "मावशे, आई गेली" एवढं म्हणताना त्याला हसू आवरेना, तो आवाज रडक्यासारखा निघाला आणि सोंग झकास वठलं. पलीकडून मावशींनी जो हंबरडा फोडला तो मला चुलीपाशी ऐकू आला. आत्यांचा चेहरा लगेच सैल झाला. "रडली बाई माजी," म्हणाल्या आणि परत सूप ओढून बसल्या.

दुपारी मावशी जीप करून आल्या. दारातच गळा काढला, आणि समोर बघतात तर आत्या ओट्यावर बसून चहा पितायत. मग काय! मावशींनी त्यांना पाठीत दोन गुद्दे घातले, मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, मग परत रडल्या. मी भाकऱ्या थापत होते, ती भाकरी जाड झाली ती त्याच वेळी. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण पूर्वी निरोप घेऊन माणूस जायचा, तो निरोप त्या माणसाबरोबरच परत यायचा. आता तसं राहिलं नाही, आणि हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मावशींच्या मुलाचं येरमाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जोडीला त्यानं एक न्यूज पोर्टल काढलंय. जत्रेची बातमी, बाजारभाव, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, असलं त्यात असतं. नात्यानं माझा मावसदीर, मी त्याला भावजी म्हणते. दोन वर्षांमागं त्यानंच आत्यांच्या खव्यावर एक लेख टाकला होता, आत्यांचा भट्टीजवळचा फोटो लावून. फोटोच्या कोपऱ्यात हातात पातेलं घेऊन मी, अर्धी. तर सकाळी आईचा हंबरडा ऐकला आणि भावजीनं डोळे पुसत पुसत तोच फोटो काढला, वर बातमी लिहिली आणि टाकूनही मोकळा झाला. 'खव्याच्या आत्या' यांचे दुःखद निधन. खाली, त्यांच्या पश्चात एक मुलगा, सून व नातवंडे असा परिवार आहे.

आईला घेऊन तो आला, त्याची मावशी, म्हणजे आमच्या आत्या, जिवंत बघितल्या, तेव्हा त्याला आठवलं. जीभ चावली आणि तिथंच मोबाईलवर बातमी काढून टाकली. "झालं, वहिनी. गेली बातमी."

कसली जाते! संध्याकाळी पुण्याहून आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन आत्यांनीच उचलला. समोरचा गंभीर आवाजात म्हणाला, फार वाईट झालं, आत्ताच कळलं. आत्या म्हणाल्या, "व्हय ना. म्याच बोलती, मेलेली." त्यानं फोनच ठेवून दिला. बिचारा त्या रात्री झोपला असेल की नाही कुणास ठाऊक.

मी मोबाईल घेतला आणि आत्यांचं नाव, गावाचं नाव टाकून सर्च केलं. पहिल्याच जागी तीच बातमी. दुःखद निधन, एक मुलगा, सून व नातवंडे. शेजारी फोटो. त्यावर बोट ठेवलं की पोर्टल उघडायचं आणि पान सापडत नाही म्हणायचं. पण बाहेर त्या दोन ओळी जशाच्या तशा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

"काय लिवलंय, वाच," आत्या म्हणाल्या.

मी वाचलं. मला वाटलं हसतील. त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाल्या, "एक मुलगा? आन् पोरगी?"

नवरा उठून बाहेर गेला.

या घराला एक लेक आहे. माझी नणंद. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं, माझ्या लग्नाआधीच तिनं दुसऱ्या समाजातल्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं आणि ती हैदराबादच्या बाजूला गेली. सासऱ्यांनी ती मेली असं धरून तिच्या नावानं आंघोळ केली. तिचा एकदा फोन आला तो त्यांनीच घेतला आणि असं काही बोलले की परत आला नाही. पुढं सासरे गेले, तिला कळवायला आमच्याकडं नंबर नव्हता. आमचेही नंबर तोवर सगळे बदललेले. आत्या तिचं नाव काढत नसत. पण भावजीनं तो खव्याचा लेख टाकला आणि फुशारकीनं सांगितलं, मावशे, आता जगात कुठूनबी तुझं नाव टाकलं की तू दिसणार, तेव्हा आत्यांनी एवढंच विचारलं होतं, "हैदराबादला बी?" तेव्हापासून मला कळून चुकलं होतं की आत्यांच्या लेखी तो फोटो नुसता फोटो नाही. लेकीला दिसावं म्हणून लावलेला दिवा होता तो.

आणि आता त्याच जागी त्यांचं मरण.

"ती बघंल गं," आत्या मला म्हणाल्या. मला 'गं' म्हणायची त्यांची सवय नाही. "बापाचं तोंड न्हाय बघायला मिळालं तिला. आता आय बी गेली म्हणंल. आन् आमी तिला पोरगी म्हणून धरलं बी न्हाय, असं वाचंल. मंग ती कशाला येती ह्या दाराला? पुसून टाक ते. तू शिकल्याली हाईस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यांवर नाही, त्या दोन ओळींवर. मी भावजीला फोन लावला आणि जे तोंडात येईल ते बोलले. तो गरीब म्हणाला, "वहिनी, माझ्याकडनं काढलंय म्या. आता ते सर्चवाल्यांकडं हाय." वर म्हणाला, "पायजे तर खुलासा टाकतो, त्या जिवंत आहेत म्हणून." आत्यांनी ते ऐकलं. "जिवंत हाय म्हणून बातमी? म्या काय पुढारी हाय व्हय?" पण त्यानं टाकलाच खुलासा. तो सर्चमध्ये आलाच नाही. मेल्याची बातमी वर, जितेपणी कुणाला कोण विचारतंय!

मग मी त्या सर्च इंजिनच्या मदतीच्या पानावर गेले. तिथं लोक अडचणी लिहितात आणि दुसरे लोक उत्तरं देतात. मी मराठीतच लिहिलं, भांडायचं तर आपल्या भाषेत. काय लिहिलं ते सगळं इथं सांगत नाही, पण सुरुवात अशी होती: आमची सासू जिवंत आहे, ढळढळीत जिवंत आहे, माझ्या उरावर बसली आहे, आणि तुम्ही तिला मारून टाकलं, तुम्हाला आयाबहिणी आहेत का नाहीत?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुणी एक गृहस्थ, हिंदीत. मराठी वाचता येतं, लिहिता येत नाही म्हणाले. आपण कंपनीचे नाही, सवड असली की लोकांना मदत करतो, एवढीच ओळख. पहिलं वाक्य होतं, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना मोठं आयुष्य लाभो. ते वाचलं आणि मला इतकी लाज वाटली की विचारू नका. एवढं तोडून बोललेल्या बाईला पहिल्या ओळीत नमस्कार घालणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण सर्च केलं की ते यंत्र काही तेव्हाच्या तेव्हा जगभर पळत सुटत नाही. ते आधीच सगळीकडं हिंडून आलेलं असतं. जिथं जे पान दिसलं त्याची नक्कल करून आपल्या कोठारात ठेवतं, आणि आपण विचारलं की त्या कोठारातलं काढून दाखवतं. तुमच्या दिरानं पान पुसलं, पण यंत्राच्या कोठारातली नक्कल कुणी पुसली? ते परत तुमच्या दाराशी येईल, पान गेलेलं बघेल, तेव्हा आपणहून काढेल. पण कधी येईल याचा नेम नाही. मोठ्या वर्तमानपत्रांकडं त्याची सारखी ये-जा असते. बारक्या पोर्टलकडं ते जत्रेच्या पाहुण्यासारखं, आलं तर आलं.

वाट बघायला आमच्याकडं वेळ कुठं होता? हैदराबादला रोज दिवस उजाडत होता.

पण वाट न बघताही एक सोय आहे, असं त्यांनी लिहिलं. जुनं झालेलं पान कोठारातून काढा, अशी विनंती कुणालाही करता येते. पान आपलं असलंच पाहिजे असं नाही. फक्त पान खरोखर गेलेलं हवं, किंवा त्यातला मजकूर बदललेला हवा. विनंती आली की यंत्र जाऊन बघून येतं, आणि खरं निघालं तर जुनं काढून टाकतं.

हे वाचून मला इतका हुरूप आला की मी तिथल्या तिथं विनंती टाकली. नामंजूर! परत टाकली. परत नामंजूर! मी मोबाईल आपटणार होते, तो नवऱ्यानं झेलला. "अगं, तो आपला हाय," म्हणाला. परत त्या गृहस्थांना लिहिलं. या वेळी भाषा जरा बरी होती. त्यांनी बघून सांगितलं की माझ्या दोन चुका आहेत आणि दिराची एक. मी बातमीच्या पानाचा पत्ता द्यायच्या ऐवजी सर्चच्या यादीचाच पत्ता चिकटवला होता. म्हणजे गुळाची ढेप उचला सांगायच्या ऐवजी अख्खं दुकान उचला म्हणाले होते. दुसरी चूक, फोटो. फोटोसाठी वेगळी विनंती लागते. आणि दिराची चूक अशी की त्याच्या पोर्टलवर माणसाला 'पान सापडत नाही' असं दिसत होतं, पण यंत्राला मात्र ते पोर्टल आतून सांगत होतं, सगळं ठीक आहे, पान आहे. बाहेरून टाळं आणि आतून दिवा चालू. मग यंत्र कसं मानणार?

भावजीनं ज्याच्याकडून पोर्टल बनवून घेतलं होतं त्याला गाठलं. तो माणूस भेटायला दोन-तीन दिवस गेले. त्या दिवसांत आत्यांनी मला भांडायचं सोडून दिलं. कढई कशी हलवते, जाळ किती घालते, काही बोलल्या नाहीत. मी एकदा मुद्दाम जाळ जास्त घातला, तरी गप्प. मला सासू ओरडत नाही म्हणून रडू आलं, आता सांगा कुणाला सांगायचं हे! भट्टीशी बसून त्या मधूनच विचारायच्या, "बघ बरं, हाय का अजून?" मी बघायची आणि म्हणायची, हाय. त्या परत कढईत बघायच्या.

शेवटी पोर्टलवाल्यानं ते आतलं ठीक केलं. मी चष्मा लावून, एकेक अक्षर बघून, बातमीचा पत्ता चिकटवला. फोटोसाठी वेगळी विनंती टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर मंजूर. आत्यांचं नाव टाकलं. वर आला तो जुना खव्याचा लेख. भट्टीजवळच्या आत्या, कोपऱ्यात अर्धी मी. मरणाच्या ओळी कुठंच नाहीत. खाली खाली गेले, कुठंच नाहीत.

"आत्या, पुसलं!"

त्यांनी उलथनं माझ्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि मोबाईलला हात जोडले. मग म्हणाल्या, "त्या हिंदीवाल्या बाबाला काय धाडायचं? खवा धाडू?" मी त्यांना लिहिलं की आत्या खवा पाठवायचं म्हणतात, पत्ता द्या. त्यांनी लिहिलं, पत्ता राहू द्या, आत्यांच्या हातचं पोचलं मला. त्यानंतर मी लिहिलं तरी त्यांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी अडचण सोडवत असतील. देव त्यांचं भलं करो. मी हे मनापासून म्हणते, आणि मी फार कुणाबद्दल असं म्हणत नाही.

आमच्या घरात परत भांडण सुरू झालं. जाळ जास्त, भाकरी जाड, सगळं पूर्ववत. मी सुखात होते.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी अंगण झाडत होते. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. फिकट साडी, डोक्यावरून पदर, हातात एक पिशवी. डोळे सुजलेले. मला वाटलं कुणी दुरून भेटायला आलंय. त्या आठवड्यात दारात येऊन 'कधी झालं, कसं झालं' विचारणाऱ्यांनी माझं डोकं उठवलं होतं.

"आईचं तेरावं..." ती बाई म्हणाली. "आजच हाय ना?"

माझा तोल गेला. मी खराटा टाकला आणि कंबरेवर हात ठेवून ओरडले, "कसलं तेरावं? अवो बाई, जिवंत हायत त्या! भट्टीवर बसल्यात! किती जणांना सांगायचं म्या? मेल्या न्हाईत त्या, मेल्या न्हाईत!"

ती बाई तिथंच धुळीत बसली. पिशवी हातातून पडली. आणि मग मी तिचं नाक बघितलं. आत्यांचं नाक, तसंच, शेंड्याला जरा वळलेलं. अगं आई गं, मी कुणावर ओरडले!

"कोण हाय गं?" शेडातून आत्यांचा आवाज आला.

मी पळत गेले. नुसतंच फाटकाकडं बोट दाखवलं. आत्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, काय समजायचं ते समजल्या आणि उलथनं माझ्या हातात कोंबून गेल्या.

कढईत दूध अर्ध्यावर आटलेलं. सोडून जाता येईना. म्हणून त्या मायलेकींची भेट मी बघितली नाही. मी जाळासमोर उभी राहून उलथनं फिरवत होते आणि रडत होते, आणि पत्र्याच्या पलीकडून नुसते आवाज येत होते. आधी काहीच नाही. मग एक असा आवाज, की बाई रडते का हसते ते कळेना. मग आत्या म्हणाल्या, "रड बाई. रड." मग चापट मारल्याचा आवाज. मग, "किती वाळलीस गं!"

थोड्या वेळानं नवऱ्यानं येऊन उलथनं घेतलं, तेव्हा मी बाहेर गेले. त्याचेही डोळे लाल होते. ओट्यावर दोघी बसलेल्या, आत्यांनी तिचा हात घट्ट धरलेला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "वहिनी ना? फोटोत कोपऱ्यात हायेत तुम्ही." दर सुटीच्या दिवशी ती आईचं नाव टाकून तो फोटो बघायची. दोन वर्षं. माझ्याकडं बघून, ही आपली वहिनी असणार, असं ठरवून टाकलं होतं तिनं. मग एका सुटीला नाव टाकलं तर वर त्या दोन ओळी. उघडायला गेली तर पान नाही. दहनाचं ठिकाण नाही, वेळ नाही, काही नाही. फक्त त्या दोन ओळी आणि बातमी टाकल्याची तारीख. त्यावरून तिनं तेराव्याचा दिवस काढला आणि निघाली.

"पश्चात मी नव्हते त्यात," ती आईला म्हणाली. "तरी आले. म्हणलं, हाकललं तर हाकललं. मेल्यावर कोण हाकलतंय."

ज्या दोन ओळींना मी दिवसेंदिवस शिव्या दिल्या त्यांनीच हिला आणलं होतं. भावजीनं बातमी पुसली तेव्हाच त्या गेल्या असत्या, किंवा मी पहिल्या फटक्यात नीट पत्ता चिकटवला असता, तर ती पुढच्या सुटीला परत तो खव्याचा फोटो बघत बसली असती, आणि त्याच्या पुढच्याही. मी त्या यंत्राचे आभार मानते. ते वेळेवर आलं नाही म्हणून मानते. त्या पोर्टलवाल्याचेही मानते, दोन-तीन दिवस सापडला नाही म्हणून. आणि कावळ्याचे कसे मानायचे ते कुणाला ठाऊक असेल तर मला सांगा.

आत्या तिला विचारत होत्या, कशी आलीस, कुठून आलीस, काही खाल्लंस का. ती म्हणाली, रेल्वेनं येडशीला उतरलो, तिथून एस्टीनं येरमाळा. 'उतरलो' म्हणाली ते आत्यांनी बरोबर धरलं.

"उतरलो म्हंजे? कोण हाय संगट?"

ती खाली बघायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं घेतला, "आई हाय," म्हणाली, "अहो, आई हाय, आई..." आणि पुढं तिला बोलताच येईना. पलीकडून एक पुरुषी आवाज घाबरून हॅलो, हॅलो करत होता. तो येरमाळ्याच्या स्टँडवरच थांबला होता. ज्या घरानं आपल्यापायी लेकीच्या नावानं आंघोळ केली, त्या घरात दुःखाच्या दिवशी आपण कशाला जायचं, असं म्हणून.

आत्यांनी फोन तिच्या हातातून घेतला. कानाला उलटा लावला. मी सरळ करून दिला. या माणसाचं नाव या घरात कधी कुणी घेतलं नव्हतं.

आत्यांनी खाकरून घसा साफ केला. डोक्यावरचा पदर नीट केला, जावयाशी बोलताना करतात तसा.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "स्टँडवर का बसलात? तुमची सासरवाडी हितं हाय."

आत्या फोन कानाला लावून तशाच बसून राहिल्या. शेडातून नवऱ्यानं मला हाक मारली, कढई धर म्हणाला, आणि मोटारसायकल काढायला पळाला.